सर्जेरावांची डावी मूठ

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी पिंपरीतल्या एका पंपांच्या कारखान्याची पहिली पाळी फाटकाबाहेर अडकून पडली. भोंगा झाला होता, फाटक उघडे होते, वीजही होती. फाटकाच्या मधोमध एक शिक्रा चोच उघडी टाकून पडला होता आणि गेटचे जमादार सर्जेराव त्याच्यापुढे उभे होते. ते कोणालाही आत जाऊ देत नव्हते. पक्ष्याला उचलतही नव्हते.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला माळावर कारखाने उभे राहत होते आणि मी पुण्याच्या एका दैनिकाला तिथल्या बातम्या पाठवत असे. सर्जेराव माझ्या शेजारच्या खोलीत राहत. या घटनेची बातमी मी पाठवली. ती छापली गेली नाही. "पक्षी आहे, कारखाना आहे. यात माणूस कुठे आहे?" असे उपसंपादकाने विचारले. माणूस होता. त्याची माहिती पुढीलप्रमाणे.

सर्जेरावांची डावी मूठ कधीही खाली येत नसे. कोपर कमरेला टेकलेले, हात पुढे, मूठ छातीच्या उंचीवर, अंगठा वर. चालताना तशीच, बसताना तशीच. सायकल ते उजव्या हाताने चालवत. डाव्या बाजूचा ब्रेक त्यांनी काढूनच टाकला होता, कारण त्याचा उपयोग नव्हता. जेवताना डावी मूठ ताटाच्या वर तरंगत असे. बसमध्ये ते उभे राहिले की कंडक्टर घंटी मारून बस थांबवी आणि विचारी, "कोण उतरतंय?" कोणीच उतरत नसे. कारखान्याच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला आलेल्या फोटोग्राफरने त्यांना हात खाली घ्यायला सांगितले. सर्जेरावांनी नकार दिला. फोटोत चेहरा अर्धा आणि मूठ पूर्ण आली. गेटवर दुसऱ्या कोणाकडे ओळखपत्र मागताना ते आधी स्वतःचे दाखवत, तेव्हा लोक मुठीवरूनच त्यांना ओळखत.

सर्वांत मोठी अडचण कामगार वसाहतीच्या सभेत होई. ठराव हात वर करून मंजूर होत. ठरावाच्या बाजूने हात मोजले की सर्जेरावांची मूठ त्यात येई. विरोधातले हात मोजले की त्यातही येई. एकूण मते हजर माणसांपेक्षा एकाने जास्त भरत. पुढे सभेचे अध्यक्ष मोजणीआधी जाहीर करू लागले, "सर्जेरावांचा हात सोडून."

याचे कारण सर्जेराव कोणालाही, न विचारता सांगत. दक्षिणेतल्या एका लहान संस्थानात ते महाराजांच्या शिकारखान्यात होते. तिथे बाजदार ससाणे, बहिरी, शिक्रे हातावर वागवून त्यांच्याकडून शिकार करवत. संस्थान विलीन झाले, पक्षी सोडून दिले गेले, माणसेही सोडून दिली गेली. "बाजदाराचा हात असाच राहतो, साहेब. पक्षी उतरला तरी हात उतरत नाही," असे ते म्हणत. मोठ्या मिशा, कोशा पटका आणि हा हात एवढ्या भांडवलावर कारखान्याने त्यांना गेटवर उभे केले होते.

जगातले सर्व प्राणिमात्र त्यांनी पक्ष्यांच्या दरबारात बसवले होते. ससाणा सरदार. शिक्रा मानकरी. घुबड राजवैद्य. कावळा कारकून. घार ही मुकादम. स्वतः काही करत नाही, वरून फिरते आणि दुसऱ्याचे उचलते. पारवा हा त्यांच्या लेखी पक्षीच नव्हता. "ते रेशन आहे," असे ते म्हणत.

गेटवरून आत जाणाऱ्या कामगाराला ते पक्ष्यासारखे तपासत. "पिसं विस्कटलीत याची. डोळा अर्धा मिटलाय. याला आज मशीनवर सोडू नका," असे त्यांनी एकदा फोरमनना सांगितले. तो कामगार लातूरकडचा होता, नवा होता, आणि आदल्या दिवशी त्याचे लग्न ठरले होते. तो म्हणाला, "काय करायलाव मामा, आत सोडा की! पिसं घरी जाऊन विंचरतो." फोरमननी त्याला आत घेतले. दुपारपर्यंत त्याने चुकीच्या मापाच्या एवढ्या चकत्या कातल्या की सर्जेरावांची पत एकदम वाढली. पुढच्या आठवड्यात त्यांनी खुद्द मॅनेजरसाहेबांना "आज तुमची नजर ठीक नाही, मांस कमी पडतंय," असे सांगितले. साहेब शाकाहारी होते. पत पुन्हा पूर्वीइतकी झाली.

फाटकाशेजारी एक कडुनिंब होता. त्यावर शिक्र्यांची एक जोडी राहत असे. सर्जेरावांच्या शास्त्रात शिक्रा म्हणजे मादी. नर तिच्याहून लहान, त्याला चिपका म्हणायचे. मादीला ते बाईसाहेब म्हणत. नराला यजमान म्हणत. पहिली पाळी आत गेली की ते झाडाखाली उभे राहून तिला मुजरा करत आणि मूठ जरा पुढे धरत. बाईसाहेब त्यांच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी पाहत आणि तोंड फिरवत. "खानदानी आहे," सर्जेराव म्हणत. "लगेच उतरायची नाही."

बाईसाहेबांना वैरी होता. आमच्या खोल्यांची मालकीण ठकूबाई. तिच्या घराण्याची जमीन कारखान्यात गेली होती. उरलेल्या तुकड्यावर तिने भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांच्यापुढच्या अंगणात कोंबड्या पाळल्या होत्या. सकाळी ती फाटकाशी अंडी विकायला बसे. माळावर इमारती झाल्या तसे सरडे, नाकतोडे, बेडूक मागे हटत गेले आणि बाईसाहेबांचे लक्ष ठकूबाईच्या पिल्लांकडे गेले.

एका सकाळी ठकूबाई गोफण घेऊन गेटवर आली.

"आरं ए बाजदारा! तुजी ती सटवी कुठं हाय?"

"बाई, तोंड सांभाळून. मानकरी आहे ती."

"मानकरी? माजं पिल्लू दिवसाढवळ्या उचलून ग्येली. मानकरी म्हनं! चोरटी हाय चोरटी."

"त्याला चोरी म्हणत नाहीत. नजराणा म्हणतात."

"व्हय का? मग ह्यो दगूड बी नजराना." तिने गोफणीत दगड भरला.

सर्जेराव झाडाला पाठ लावून उभे राहिले. डावी मूठ अर्थातच वर होती. आजूबाजूला पहिल्या पाळीची माणसे जमली आणि दोन तट पडले. शेवटी जो तह झाला तो असा: सर्जेरावांनी बाईसाहेबांच्या पोटाची दुसरी सोय करावी, ठकूबाईने गोफण घरी ठेवावी, एक जरी पिल्लू गेले तरी तह मोडला.

दुसरी सोय सोपी होती. सर्जेराव रोज सकाळी गेटच्या चौकीच्या पत्र्यावर मूठभर जोंधळे टाकू लागले. जोंधळे त्यांच्या स्वतःच्या रेशनचे. आधी होले आले. मग पारवे आले. पारव्यांनी बातमी पुण्यापर्यंत पोहोचवली असावी, कारण थोड्याच महिन्यांत शेडच्या तुळईतुळईवर पारव्यांची घरटी झाली. बारमाही अंडी, बारमाही पिल्ले. बाईसाहेबांना शिकारीला जावेच लागेना. त्या कडुनिंबावरून उठत, शेडमध्ये जात, तुळईवरचे एक कोवळे पिल्लू उचलत आणि परत येत. ठकूबाईच्या अंगणाकडे त्यांनी पुन्हा पाहिले नाही. ठकूबाईने तह पाळला.

फोरमनची तक्रार आली. "सर्जेराव, माझ्या नव्या लेथवर येऊन बघा. वरून सारखा अभिषेक चाललाय."

"पारव्याची जात, साहेब. शिक्र्यानं असं केलं नसतं."

बाईसाहेब गोल झाल्या. सर्जेरावांना धन्यता वाटली. त्यांच्याकडे पाहुणा आला की ते आधी झाड दाखवत. "गावाकडं होती तेव्हा हाडं दिसायची. शहरात आली, सुधारली. दिवसाला ताजं, गरम पारवं. आमच्या महाराजांचा ससाणासुद्धा असा जेवला नसेल."

पावसाळा सरताना बाईसाहेबांचे काहीतरी बिघडले. पिल्लू आणत, दोन घास तोडत आणि टाकून देत. मान झटकत. घास गिळताना मान वाकडी करत. सर्जेरावांनी निदान केले: शहराचे पाणी लागले. मग त्यांनी त्या पाण्याचे पृथक्करण केले आणि ते मला रोज संध्याकाळी ऐकवले. पहिल्या दिवशी दोष भोंग्याचा होता. पक्ष्याचे काळीज भोंग्यासाठी केलेले नाही. दुसऱ्या दिवशी धुराचा होता. तिसऱ्या दिवशी वनस्पती तुपाचा.

"तूप तिनं कधी खाल्लं?" मी विचारले.

"तिनं नाही खाल्लं, साहेब. पण कँटीनमध्ये पोळीला तेच लावतात. पोळीचे तुकडे पारवे खातात. पारवं कोण खातं?"

"मग दोष पारव्याचा झाला."

"छे! पारवा बिचारा साधन आहे. दोष तुपाचा."

त्यांनी कँटीनवाल्याकडे शुद्ध तुपाची मागणी केली. कोणासाठी, असे त्याने विचारले. "झाडावरच्या बाईसाहेबांसाठी," असे उत्तर मिळाल्यावर कँटीनवाल्याने चहा पाजून त्यांची रवानगी केली. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली; लेथना झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू. वसाहतीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने आपापले हत्यार आणून पाटावर ठेवले. फोरमनचे मापक, सुताराचा रंधा. सर्जेरावांनी फडक्यात गुंडाळलेली एक आरी आणि एक जाड सुई ठेवली.

"मामा, बाजदाराचं हत्यार सुई?" लातूरकर म्हणाला. "म्हंजे ससाण्याचं बटण तुटलं की लावायचं?"

लोक हसले. सर्जेराव हसले नाहीत. त्यांनी सुईला कुंकू लावले, बाईसाहेबांच्या झाडाच्या बुंध्यालाही लावले आणि ड्यूटीवर गेले.

त्यानंतरच्या सोमवारी बाईसाहेब फाटकात पडल्या.

पाळीची माणसे भोवती जमली. सगळ्यांना वाटले, आता बाजदार पक्षी हातावर घेणार. लोकांनी जागाही करून दिली. सर्जेराव एक पाऊल पुढे गेले, दोन पावले मागे आले. बाईसाहेबांनी पंख आपटला. सर्जेरावांनी ओरडून सांगितले, "मागं व्हा! हवा येऊ द्या!" हवा भरपूर होती.

"अहो, माझी हजेरी जाईल ना!" मागून एक कोकणातला फिटर म्हणाला.

"हजेरी गेली तर परत मिळते," सर्जेराव म्हणाले. "मागं व्हा."

"उचला की मामा!"

"उचलायची एक पद्धत असते."

"मग करा की पद्धत!"

पद्धत होईना. फोरमन आले, टाइमकीपर आले. सर्जेरावांची डावी मूठ वरच होती. तेवढ्यात गर्दीतून ठकूबाई पुढे झाली. तिने अंड्यांची पाटी खाली ठेवली, शेजारचे कोंबड्यांचे रिकामे डालगे उचलले आणि बाईसाहेबांवर पालथे घातले.

"झालं," ती म्हणाली. "जावा कामाला."

पहिली पाळी आत गेली. ज्या डालग्यातली पिल्ले बाईसाहेबांनी पळवली होती त्याच डालग्यात बसून बाईसाहेब चिंचवडला गुरांच्या दवाखान्यात गेल्या. टांग्यात सर्जेराव, ठकूबाई, डालगे आणि मी होतो. डालगे ठकूबाईच्या मांडीवर होते.

गुरांचे डॉक्टर पाटणकर शांत गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यभर बैल आणि म्हशी पाहिल्या होत्या. काडेपेटीतली काडी आडवी धरून त्यांनी बाईसाहेबांची चोच उघडली. पक्षी धरला होता ठकूबाईने, पदरात गुंडाळून. घशात पिवळट पांढरा थर होता. खरवसाचा तुकडा अडकावा तसा.

"हे मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "कबुतरं पाळणारे येतात माझ्याकडे. कबुतराच्या, पारव्याच्या घशात हा रोग राहतो. मोठ्या पक्ष्याला पुष्कळदा काही होत नाही. पिल्लांना भरवताना तो पिल्लांत उतरतो. ही काय खाते?"

"पारव्याची पिल्लं," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"बरेच महिने. दुसरं काही नाही."

"मग झालं तर. माळावरच्या शिक्र्याला हे सहसा होत नाही. तो सरडे खातो, उंदीर खातो. शहरात सरडे संपतात आणि पारवे वाढतात. खायला रग्गड, म्हणून शिकारी पक्षी येतो, टिकतो, जाडसुद्धा होतो. आणि त्याच खाण्यातून हे घेतो."

सर्जेरावांनी विचारले, "वनस्पती तुपानं नाही?"

"नाही."

"भोंग्यानं?"

"नाही."

"म्हणजे जोंधळ्यानं."

"जोंधळ्यानं कसं होईल? पारव्यानं."

"पारवे जोंधळ्यानं आले, डॉक्टर. जोंधळे मी टाकले."

मग ठकूबाई म्हणाली, "माज्या पिल्लांपायी टाकलं त्यानं. त्याला कशाला बोलता?" त्यांना कोणीही बोलले नव्हते.

पिंपरीत त्या काळी सर्व दुखण्यांवर एकच उपाय सुचवला जाई, कारण तो आपल्याच गावात तयार होतो याचा लोकांना अभिमान होता. सर्जेरावांनी तो सुचवला. "पेनिसिलिन द्या. लागेल तेवढं."

"त्याचा या रोगावर उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "घसा रोज दोन वेळा पुसायचा. मोरचुदाचं अगदी पातळ पाणी देतो, बोळ्यानं लावायचं, गिळू द्यायचं नाही. थर सुटत जाईल. खायला सरडा, उंदीर. बारीक तुकडे. पारवा अजिबात नाही. आठवडाभर तिनं गिळलं तर जगेल. नाही गिळलं तर उपाशी मरेल. माझ्याकडे ठेवता येणार नाही, इथे कुत्री असतात. पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर बाजदार. घ्या हातावर."

सर्जेरावांनी पक्षी घेतला नाही. त्यांनी डाव्या मुठीकडे पाहिले. मग ते दवाखान्याच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मी टोप्या शिवायचो."

"कसल्या टोप्या?" डॉक्टरांनी विचारले.

"ससाण्याच्या. डोळ्यांवर घालायच्या, चामड्याच्या. वर तुरा असतो. डोळे झाकले की पक्षी शांत बसतो. संस्थानातल्या सगळ्या टोप्या मी शिवल्या. माप घेताना पक्षी बाजदाराच्या हातावर असायचा. मी समोर बसायचो. माझ्या हातावर कधी दिला नाही. शिंप्याच्या हातावर देत नाहीत."

दवाखान्याबाहेर एक म्हैस रेकली. ठकूबाईने विचारले, "कंदीच न्हाई?"

"कधीच नाही. सगळे पक्षी सोडून दिले त्या दिवशी मागितला होता. एकदा. बाजदार म्हणाले, आता कशाला?"

"मग ह्यो हात?"

सर्जेरावांनी मूठ उजव्या हाताने झाकली.

"आरं, मग त्यात काय येवडं!" ठकूबाई एकदम कडाडली. "कोंबडी धरती तशी धरायची. हिकडं ये. पंख दाबायचं, पर लई न्हाई. पाय धर. पाय सोडला तर डोळा फोडंल तुजा. हां. आता पदूर काढती. भ्यालास? तीबी भ्याली हाय. बग की, कसं धडधडतंय तिचं."

अशा रीतीने सर्जेरावांना पक्षी धरण्याची विद्या चिंचवडच्या गुरांच्या दवाखान्यात, कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडून, मिळाली. ती त्यांनी लवकर उचलली असे म्हणता येणार नाही. पहिल्या धड्यात बाईसाहेबांनी त्यांचा अंगठा फोडला, दुसऱ्यात मिशीचे टोक नेले. डॉक्टरांनी अंगठ्याला आयोडिन लावले. "गुरांचं आहे," ते म्हणाले, "पण चालतं."

घरी आल्यावर सर्जेरावांनी फडके सोडून आरी आणि सुई काढली आणि जुन्या चपलेचा मऊ पट्टा कापायला घेतला. मी दारात उभा होतो.

"पिवळ्या डोळ्यांच्या पक्ष्याला टोपी घालत नाहीत, साहेब," ते मान वर न करता म्हणाले. "काळ्या डोळ्यांच्या ससाण्याला, बहिरीला घालतात. शिक्र्याला नाही. तसा नियम आहे. पण मला टोपीच येते."

टोपी जांभळाएवढी झाली. पुढे चोचीसाठी फट, मागे दोन नाड्या, वर कडुनिंबाखाली सापडलेल्या पिसाचा तुरा. ती बाईसाहेबांच्या डोक्यावर बसताच फडफड थांबली. सर्जेरावांनी डाव्या मुठीवर गोणपाट गुंडाळले. ठकूबाईने पक्षी उचलून त्यावर ठेवला. नख्या गोणपाटात रुतल्या. बाईसाहेब बसल्या.

सर्जेरावांनी कोपर कमरेला घट्ट टेकवले. मग म्हणाले, "वजन असतं."

"मग? कापसाची आसंल व्हय?" ठकूबाई म्हणाली.

पुढचा आठवडा कारखान्याच्या कामकाजात सरड्यांचा आठवडा म्हणून लक्षात राहिला. सर्जेरावांनी सुट्टी मागितली; पक्ष्याच्या आजारपणासाठी सुट्टी देण्याचा नियम नव्हता, म्हणून फोरमननी त्यांना पक्ष्यासह ड्यूटीवर यायला सांगितले. ते गेटवर उभे राहत आणि त्यांच्या मुठीवर टोपी घातलेल्या बाईसाहेब असत. बसचे कंडक्टर थांबा नसताना बस थांबवू लागले, आता पाहण्यासाठी. पाळीवर येणारा प्रत्येक माणूस वाटेत सापडलेला सरडा जेवणाच्या डब्यातून आणू लागला. दोन डब्यांची अदलाबदल होऊन एका वेल्डरला जेवणाच्या सुट्टीत जो धक्का बसला त्याची चर्चा पुढे दिवाळीपर्यंत चालली. फिटरने गोदामातले उंदीर आणले. कारखान्यातले उंदीर कमी झाल्याबद्दल स्टोअरकीपरने समाधान व्यक्त केले.

सकाळी आणि संध्याकाळी घसा पुसण्याचा कार्यक्रम असे. ठकूबाई पाय धरी, सर्जेराव काडीला बोळा लावून फिरवत आणि मला मोरचुदाच्या पाण्याची वाटी धरायचे काम होते. बाईसाहेब पहिले तीन दिवस काहीच गिळत नव्हत्या. सर्जेराव सरड्याचा तुकडा घशाशी ठेवत, बाईसाहेब तो झटकून टाकत आणि तो माझ्या सदऱ्यावर पडे. चौथ्या दिवशी सर्जेरावांनीही जेवण सोडले.

"तू उपाशी ऱ्हायलास म्हून ती जेवंल व्हय?" ठकूबाईने विचारले.

"मला भूक नाही."

"जोंधळं टाकून पारवं पोसताना लई भूक व्हती दुसऱ्यांची." मग तिलाच ते लागले असावे. ती उठून अंगणात गेली. परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत एक पिल्लू होते.

"ह्ये मऊ लागंल तिला," ती म्हणाली. "एकच. आन यावर कुनी बोलायचं न्हाई."

त्या पिल्लाचे सोयीचे तुकडे झाले. बाईसाहेबांनी पहिला टाकला, दुसरा टाकला. तिसरा घशाशी राहिला. मान वाकडी झाली, सरळ झाली आणि तुकडा खाली उतरला. ठकूबाई म्हणाली, "तह मोडला." सर्जेराव म्हणाले, "तुम्ही मोडला." दोघेही रात्रीचे जेवले.

या काळात चौकीच्या पत्र्यावर जोंधळे पडले नाहीत. पारव्यांनी चौकशी केली. ते सर्जेरावांच्या खोलीपुढे रांगेने बसत आणि घुमत. सर्जेराव उजव्या हातात छत्री घेऊन त्यांना हाकलत. डाव्या हातावर बाईसाहेब होत्या, त्यामुळे छत्री उघडता येत नसे.

घसा स्वच्छ झाल्याचे डॉक्टर पाटणकरांनी पुन्हा तपासून सांगितले. सोडण्याचे ठिकाण म्हणून सर्जेरावांनी कडुनिंब नाकारला. "तिथं पारवेच आहेत." आम्ही चिखलीच्या बाजूला, जिथे अजून उघडा माळ होता, तिथपर्यंत सायकलींवरून गेलो. ठकूबाई माझ्या मागे कॅरिअरवर बसली होती आणि रस्ताभर रस्ता सांगत होती. सर्जेरावांची सायकल पुढे होती. उजवा हात हँडलवर, डाव्या मुठीवर बाईसाहेब.

माळावर पोहोचल्यावर त्यांनी दातांनी नाडी सोडली आणि टोपी काढली. बाईसाहेबांनी पिवळे डोळे उघडले, सर्जेरावांकडे पाहिले, तोंड फिरवले. उडाल्या मात्र नाहीत.

"सोड की," ठकूबाई म्हणाली.

"सोडलीय. तीच बसलीय."

वारा आला तेव्हा त्या उठल्या. बांधावरून खाली गेल्या, बाभळीवर बसल्या, तिथून पलीकडे गेल्या. सर्जेरावांनी टोपी पटक्याच्या टोकात बांधली. परतताना ठकूबाईने रस्ता सांगितला नाही.

त्यानंतरच्या वसाहतीच्या सभेत फोरमननी ठराव मांडला: चौकीच्या, शेडच्या आणि घरांच्या पत्र्यांवर पाखरांना दाणे टाकू नयेत. धर्माचा प्रश्न निघाला, लेथचाही निघाला. चर्चा लांबली. शेवटी अध्यक्षांनी मत घेतले आणि सवयीने म्हणाले, "सर्जेरावांचा हात सोडून."

"आज धरा," सर्जेराव म्हणाले.

ते उठून उभे राहिले. डावा हात डोक्याच्या वर, सरळ होता. मूठ उघडी होती. मते हजर माणसांइतकी भरली. ठराव मंजूर झाला.